उभ्या बोर्डासाठी जाड, अरुंद देवनागरी अक्षर शोधताना

आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेसाठी रस्त्याकडेचे बोर्ड करायचे होते: दोन फूट रुंद, चार फूट उंच. एवढ्या रुंदीत साधं बोल्ड अक्षर घेतलं की ओळ लगेच भरते आणि अक्षर बुटकंच राहतं. गाडीवरून जाणाऱ्याला वाचता यायचं तर उंची हवी. म्हणजे अक्षर जाड आणि अरुंद हवं.

इंग्रजीत अशी अक्षरं ढिगाने आहेत. जेफ्री ली यांचा १९६५ चा 'इम्पॅक्ट' विंडोजवर आयताच मिळतो. उभ्या रेघा दणकट, आतल्या पोकळ्या चिंचोळ्या. पण त्यात देवनागरी नाही. मराठी टाइप केलं की दुसराच फॉन्ट येऊन बसतो.

फ्लेक्सवाले दादा म्हणाले, "नेहमीचा जाड फॉन्ट घ्या, बाजूने दाबा, झालं." लगेच करूनही दाखवलं. आडवं दाबल्यावर काना आणि दंड बारीक झाले, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहिली. 'स्पर्धा'मधला काना काडीसारखा आणि त्याच्यावर शिरोरेषेचं ओझं! मला ते बघवेना. अरुंद अक्षर मुळातच अरुंद रेखाटलेलं असावं लागतं. त्यात दंडाची जाडी राखून पोकळी कमी केलेली असते, आणि कुठे किती कमी करायची हे प्रत्येक अक्षराला वेगळं ठरवावं लागतं.

मग इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा 'टेको' आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक' असे दोन देवनागरी फॉन्ट उतरवून घेतले. दोन्ही मोफत. दोन्हींत 'भव्य कबड्डी स्पर्धा' लिहून प्रिंट भिंतीला लावली आणि लांबून पाहिली. हे शब्द परीक्षेला उत्तम: 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ, 'भ' आणि 'ध'च्या गाठी, 'र्धा'वरचा रफार. जाडी वाढली की सगळ्यात आधी इथेच शाई भरते. टेकोची चौकोनी वळणं खेळाला शोभतात, मला ती फार आवडली. तरी निवडला 'अनेक', कारण त्याची रुंदी नेहमीच्या रुंदीच्या १२५ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हवी तिथे थांबवता येते.

ओळींमधलं अंतर मात्र हाताने लावावं लागलं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीत वरच्या ओळीतला 'ड्डी' ड खाली ड असा रचला, तर तो खालच्या रफाराला जाऊन भिडतो.

तारीख, वेळ आणि बक्षिसं 'मुक्ता' या साध्या रुंदीच्या फॉन्टमध्ये घेतली. अरुंद जाड अक्षर दोन-तीन शब्दांपुरतंच चांगलं. पूर्ण मजकूर त्यात वाचवत नाही.

छापायला देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे मजकुराचं नुसत्या आकारांच्या चित्रात रूपांतर करून) पीडीएफ दिली, म्हणजे दुकानातल्या संगणकावर फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. मूळ फाइल वेगळी ठेवा. कर्व्ह केल्यावर तारीख टाइप करून बदलता येत नाही.