सेंट जाइल्सच्या दुकानातील आडवळणाची पुस्तके

रेडिंग येथे लेकीकडे महिनाभर मुक्काम असताना एक सबंध दिवस ऑक्सफर्डसाठी राखून ठेवला होता. तो आम्ही महाविद्यालयांची आवारे पाहण्यात घालवावा अशी लेकीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक वेळ सेंट जाइल्स या रुंद रस्त्यावरील ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेला. रेडिंगहून रेल्वेने साधारण अर्ध्या तासात आणि लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून तासाभरात ऑक्सफर्डला पोहोचता येते. स्थानकातून बोमाँट स्ट्रीटने अ‍ॅशमोलियन संग्रहालयापर्यंत चालत जावे आणि तेथून डावीकडे वळावे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर सेंट जाइल्सच्या जत्रेच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात, कारण त्या सोमवारी आणि मंगळवारी संपूर्ण रस्ता पाळण्यांनी व्यापलेला असतो.

ऑक्सफॅम ही संस्था 1942 साली याच गावात, नाकेबंदीमुळे उपासमार सोसणाऱ्या ग्रीसला मदत पाठवण्यासाठी स्थापन झाली. केवळ पुस्तकांना वाहिलेले तिचे पहिले दुकान 1987 साली सेंट जाइल्सवर उघडले. लोकांनी दान केलेली पुस्तके येथे विकली जातात, निवड आणि किंमत ठरवण्याचे काम प्रामुख्याने स्वयंसेवक करतात आणि नफा संस्थेच्या कार्याला जातो. आपल्याकडील रद्दीच्या दुकानाप्रमाणे येथे वजनावर भाव ठरत नाही; पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने किंवा छोट्या चिकटपट्टीवर किंमत लिहिलेली असते आणि तेवढी मोजायची असते. माझ्या पत्नीने सवयीने घासाघीस सुरू केली, तेव्हा गल्ल्यावरील वयस्कर बाई एवढ्या गोंधळल्या की शेवटी आमचीच पंचाईत झाली. दानाच्या दुकानात भाव पाडून मागणे तिकडे अशोभनीय समजले जाते, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुर्मीळ पहिल्या आवृत्त्या स्वस्तात मिळतील अशी आशा मात्र धरू नये. विद्यापीठाच्या गावात पुस्तकाची पारख असणारे स्वयंसेवक असणारच, आणि मोलाची पुस्तके वेगळी काढून चढ्या किमतीला ठेवलेली असतात. मी जाताना मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती मनात धरून गेलो होतो. ती दिसली नाही आणि दिसली असती तरी परवडली नसती. माझ्या मते अशा दुकानाचे खरे धन तळाच्या फळीवर असते, जेथे ‘छंद’ किंवा ‘संकीर्ण’ अशा नावाखाली कोणाला नेमके कोठे ठेवावे हे न कळलेली पुस्तके दाटीने उभी केलेली असतात.

तेथेच मला चर्चमधील घंटा वाजवण्याच्या शास्त्रावरील एक किरकोळ दिसणारे पुस्तक सापडले. आत स्वरलिपी नव्हती, निव्वळ आकड्यांचे स्तंभ होते, आणि प्रत्येक ओळीत तेच आकडे थोडी जागा बदलून आलेले होते. इंग्लंडमध्ये घंटांवर सूर वाजवण्यापेक्षा त्यांचा क्रम बदलत जाण्याची परंपरा आहे: दोरी ओढून पूर्ण चक्र फिरवलेल्या घंटेला एका फेरीत एखादे स्थानच पुढे किंवा मागे सरकता येते, आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नसतो. सात घंटांचे 5,040 क्रम होतात आणि ते वाजवायला सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे 40,320 क्रम 1963 साली लफबरो येथे सलग वाजवले गेले, त्याला जवळजवळ अठरा तास लागले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अंकपाश प्रकरण शिकवताना ज्याने फळ्यावर आकड्यांची उलटापालट केली आहे, अशा माझ्यासारख्या निवृत्त गणितशिक्षकाला हे पुस्तक खाली ठेवणे शक्यच नव्हते. किंमत तीन पौंडांच्या आत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकाच्या मजकुराइतकेच त्याचे अंग तपासावे. एका सामान्य कादंबरीच्या पाठीला वरच्या टोकाशी धातूची कडी बसवलेले बारीक भोक होते आणि मुखपृष्ठावर ढालीच्या आकाराची हिरवी पट्टी होती. बूट्स या औषधविक्रेत्यांच्या दुकानांतून 1966 पर्यंत चालवल्या गेलेल्या, वर्गणीदारांना पुस्तके घरी देणाऱ्या वाचनालयाची ही खूण. सभासदाचा बिल्ला दोऱ्याने त्या भोकात अडकवून पुस्तक घरी नेले जाई. युद्धकाळातील पेंग्विनच्या एका पातळ, पिवळट पुस्तकावर सूचना होती की वाचून झाल्यावर हे टपाल कचेरीत द्यावे, म्हणजे सैन्यातील लोकांनाही वाचता येईल. माझ्या हातातील प्रत कोणी तरी दिलीच नाही, हे उघड आहे. नारिंगी कापडी बांधणीचे, लेफ्ट बुक क्लब या डाव्या विचारांच्या पुस्तक मंडळाच्या सभासदांसाठी 1930 च्या दशकात काढलेले एक पुस्तकही मिळाले. त्यावर ‘सर्वसाधारण विक्रीसाठी नाही’ असे छापलेले असून ते आता पेन्सिलीतील किमतीसह विक्रीला होते.

जुन्या किमतीवरून काळ ओळखता येतो: शिलिंग आणि पेन्स छापलेले असतील तर पुस्तक फेब्रुवारी 1971 च्या आधीचे, कारण त्या महिन्यात तेथे दशमान चलन आले. मुद्रणवर्षाचे पान नीट वाचावे, पाने मोजून नकाशे फाडलेले नाहीत याची खात्री करावी, आणि पुस्तक नाकाशी धरून ओलीचा वास येतो का ते पाहावे. आपल्या पावसाळ्यात असे पुस्तक घरातल्या इतरांनाही बिघडवते. दुकानाची वेळ निघण्यापूर्वी पाहून घ्यावी आणि शक्यतो सकाळी, रिकाम्या पोटी न जाता, पोहोचावे.

वजनाचा हिशेब मात्र आम्ही केला नाही. परतीच्या विमानतळावर आमची पेटी 23 किलोच्या मर्यादेपेक्षा तीन किलो अधिक भरली, आणि रांगेसमोर ती उघडून सात पुस्तके खांद्यावरच्या पिशवीत व कोटाच्या खिशांत घालावी लागली. लेकीच्या घरी वजनकाटा होता. घंटांचे पुस्तक मी विमानात वाचले आणि मुंबई येईपर्यंत पाच घंटांचे 120 क्रम कागदाच्या रुमालावर लिहून काढले.