टायमिंग पाहण्याआधी तार जोडलीच पाहिजे: माझा स्मॉग तपासणीचा अनुभव

कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या जुन्या पेट्रोल गाड्यांना आमच्या भागात दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी, म्हणजे गाडीच्या धुरातील प्रदूषकांची तपासणी, करून घ्यावी लागते, आणि १९९५ पर्यंतच्या गाड्यांचे इग्निशन टायमिंगही, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडते हेही, त्यात पाहिले जाते. माझी १९९४ ची, १.८ लिटर इंजिनाची कोरोला तिथेच अडली. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेबाहेर होते आणि टायमिंगही नापास झाले होते.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्तीला दिली, तिथल्या कारागिराने टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावली, डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना ठिणगीची वीज वाटणारा भाग) फिरवला आणि काम झाल्याचे सांगितले. फेरतपासणीत गाडी पुन्हा नापास झाली. पुन्हा तेथे गेल्यावरही त्याने तसेच केले, आणि याचा राग मला अजून आहे, कारण बॉनेटखालच्या लेबलवर कंपनीने योग्य कृती छापलेली असते आणि ती वाचण्याची तसदी त्याने घेतली नाही.

या इंजिनात ठिणगी केव्हा पाडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या सेन्सरकडून त्याला इंजिनाचा वेग आणि शाफ्टची स्थिती कळते. त्यात इंजिनावरचा भार आणि कूलंटचे तापमान धरून तो ठिणगी पुढे-मागे करतो, अगदी आयडलवरही, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असतानाही. त्यामुळे चालू गाडीवर दिसणारा आकडा हा मूळ टायमिंग आणि कॉम्प्युटरची भर यांची बेरीज असतो. डिस्ट्रिब्युटर फिरवला की सेन्सरही फिरतो, कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागत नाही आणि सगळ्याच वेगांवरची ठिणगी तेवढीच सरकते. ती फार आधी पडली, तर ज्वलनाचे तापमान चढते आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात.

म्हणून ‘डायग्नोसिस’ लिहिलेल्या डबीतील टीई१ आणि ई१ ही टोके तारेने जोडायची. कॉम्प्युटर मग आपली भर थांबवतो आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो; तो लुकलुकला नाही, तर तार नीट बसलेली नाही असे समजावे. या अवस्थेत टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला पोचतो त्या स्थितीच्या) १० अंश आधी यायला हवे. दुसऱ्या गॅरेजमधल्या बाईंनी लेबल वाचून नेमके हेच केले आणि गाडी उत्तीर्ण झाली.

टायमिंग पाहताना इंजिन पूर्ण गरम आणि एसी बंद असावा, हे मी आधीच सांगायला हवे होते. काम झाल्यावर तार काढून घ्यावी आणि तपासणीला जाण्यापूर्वी गाडी हायवेवर चांगली चालवून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषके कमी करणारा भाग) तापवून न्यावा.