घाटातल्या गाडीच्या ब्रेकचा आवाज
साताऱ्यात यवतेश्वरचा घाट नेहमी उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकचा आवाज नेमका कशाचा आहे, हे ओळखल्याशिवाय पॅड बदलू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पावसाळी रात्रीनंतर सकाळी येणारी खरखर बहुधा डिस्कवरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवरच्या, गंजाची असते आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर ती जाते. बारीक, सततची शीळ मात्र पुष्कळदा पॅड झिजल्याची सूचना देणाऱ्या पत्रीची असते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर गाडी पुढे नेऊच नये. पॅड जाड असूनही आवाज येत असेल, तर चाक काढून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना मोकळ्या सरकतात का ते पाहावे आणि त्यांना उष्णता सोसणारे ब्रेकचेच ग्रीस लावावे, पण पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ते कदापि लागू देऊ नये. उतारावर खालचा गिअर ठेवल्यास पॅड अतितापून गुळगुळीत होण्याचा धोका बराच कमी होतो.