राणीचंसुद्धा नाव बदललं होतं!

आडनावाचं एक वेळ ठीक, पण तुमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात? ऑफिसातल्या एकीने विचारलं. राग आला नसता, पण तिच्या आवाजातली दया झोंबली. इथे इंग्लंडमध्ये प्रत्येक फॉर्मवर 'पूर्वीची नावं' असा रकाना असतो आणि तो भरताना मला दरवेळी खुलासा करावा लागतो. पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. काउंटरपलीकडच्या माणसाचा चेहरा असा, जणू मी कुणाचा खून पचवून आलेय. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव कोरतात, फोटो काढतात, उखाणे होतात, हे त्याला कुठून सांगू? शिवाय माझं नाव मीच निवडलं होतं. सासूबाईंनी सुचवलेल्या दोनांतून, पण मीच.

मग विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये एमा भेटली. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूकची मुलगी. १००२ साली इंग्लंडच्या एथेलरेड राजाला दिली. राजा बिजवर, पहिल्या बायकोची मुलं मोठी. कारण सरळ होतं: इंग्लंड लुटणाऱ्या व्हायकिंगांना नॉर्मंडीच्या बंदरांत आसरा मिळायचा, तो तोडायचा होता. इथे आल्यावर तिचं नाव ठेवलं एल्फगिफू. म्हणजे पहिलंच नाव, बरं का! सनदांवरही तेच. आणि एथेलरेडच्या पहिल्या बायकोचं नावही बहुधा एल्फगिफूच. आमच्याकडे निदान सवतीचं नाव तरी ठेवत नाहीत.

एथेलरेड १०१६ मध्ये वारला, राज्य डेन्मार्कच्या क्नूटने जिंकलं आणि पुढच्याच वर्षी एमाने त्याच्याशी लग्न केलं. ती राजी होती की नाइलाज होता, यावर इतिहासकार अजून भांडतात. क्नूटची आधीची एक बायको होतीच, तिचं नाव काय असेल? एल्फगिफू! ऑफिसातल्या बाईला हे सगळं साग्रसंगीत ऐकवलं. "पण ते हजार वर्षांपूर्वीचं," ती म्हणाली. मुद्दा तिचा बरोबर होता, पण मला बरं वाटायचं ते वाटून गेलं होतं.

एमा मात्र बिचारी वगैरे नव्हती. पहिल्या लग्नाची मुलं नॉर्मंडीत वाढत राहिली आणि हिने क्नूटपासून झालेल्या हार्थाक्नूटसाठी जिवाचं रान केलं. पुढे स्वतःची स्तुती करणारा लॅटिन ग्रंथ लिहवून घेतला, त्यात एथेलरेडचा उल्लेखच नाही. चौदा वर्षांचा संसार, तीन मुलं, सगळं गाळलं. मला तिचं हे धाडस आवडतं. आपल्याकडे कुठल्या वहिनीला जमेल? एथेलरेडपासून झालेला मुलगा एडवर्ड ते विसरला नसावा. राजा झाल्यावर १०४३ मध्ये तो तीन बड्या सरदारांना घेऊन विंचेस्टरला आला आणि आईचा खजिना जप्त केला.

एथेलरेडला लंडनच्या सेंट पॉल्समध्ये पुरलं होतं. १०५२ साली एमा गेली, तिला विंचेस्टरमध्ये क्नूटशेजारी ठेवलं. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४२ मध्ये, सैनिकांनी तिथल्या राजेराण्यांच्या पेट्यांतली हाडं विस्कटली. अलीकडे ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी ती तपासली. किमान २३ जणांची निघाली आणि त्यांत एका प्रौढ स्त्रीची होती. ती एमाच असावी, असा त्यांचा कयास आहे.