सिव्हिलच्या आवारात, उपवासकाळातला शुक्रवार

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, शुक्रवारी आम्हा ख्रिस्ती लोकांकडे मटण बंद. वाचलेले पैसे चर्चच्या पेटीत जातात, हे दरवर्षीचंच. यंदा फादर म्हणाले, पैशांबरोबर जरा पायही हलवा. म्हणून आज आम्ही दहाबारा जण सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला गेलो, पेशंटच्या नातेवाइकांसाठी जेवण घेऊन.

केळी-बिस्किटं नकोत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्या, ही डोक्यालिटी आमच्या एका मावशींची. बरोबरच आहे. वॉर्डाबाहेर सतरंजीवर दिवस काढणाऱ्याला टिकणारं अन्न लागतं, आणि सोलापूरच्या उन्हातही कडक भाकरी खराब होत नाही. अक्कलकोटकडच्या एका आजोबांनी पुडी उघडून आधी वास घेतला. "लसूण कमी पडलाय की ओ!" मावशींचं तोंड बघण्यासारखं झालं. आजोबांनी मात्र दोन पुड्या मागून घेतल्या.

आमच्यातल्या एकानं फोटोसाठी मोबाईल काढला. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 'उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये' हे वाचलं जातं. फादरांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, मोबाईल खिशात गेला. त्यामुळे या पोस्टला फोटो नाही, मागू नका.

पुढच्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीआधी (येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटेची आठवण करत केलेली प्रार्थना) विडी कामगारांच्या वस्तीत जायचंय. भाकऱ्या देणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवा.