'टू'नंतर आयएनजी: क्लासच्या उत्तरतालिकेशी घातलेला वाद

एमपीएससीच्या गट ब मुख्य परीक्षेचा पहिला पेपर मराठी-इंग्रजीचा. मराठीची धास्ती नव्हती. इंग्रजीतले टेन्स, व्हॉइस, आर्टिकल दहावीपासून ओळखीचे. अडलं ते जेरंड (आयएनजी लावून नामासारखं वापरलेलं क्रियापद) आणि इन्फिनिटिव्हपाशी (टू लावलेलं मूळ रूप), आणि तिथंही विषयापेक्षा क्लासनेच जास्त छळलं.

पुण्यातल्या त्या क्लासने एक झेरॉक्स दिली होती. एका बाजूला एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, डिनाय, पोस्टपोन, यांच्यापुढे आयएनजी. दुसऱ्या बाजूला वॉन्ट, डिसाइड, होप, रिफ्यूज, मॅनेज, यांच्यापुढे टू. पाठांतरच आहे, होऊन जातं.

मग सराव चाचणीत वाक्य आलं: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू' आणि पुढे गाळलेली जागा. मी 'मीटिंग' लिहिलं. उत्तरतालिकेत 'मीट'. एक गुण गेला, वर निगेटिव्हचा पाव. विचारायला गेलो तर सर म्हणाले, "टू आलं की व्ही-वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. शाळेत शिकवलं नाही का?" शाळेत तेच शिकवलं होतं हो, घोळ तिथूनच सुरू होतो.

हा 'टू' एकच नाही. 'वॉन्ट टू गो'मधला टू क्रियापदाला चिकटलेला. 'लुक फॉरवर्ड टू'मधला टू मात्र प्रिपोझिशन, इन, ऑफ, विदाउटच्या पंगतीतला. 'विदाउट ईट' असं कुणी लिहीत नाही, 'विदाउट ईटिंग'च लिहितात. मग टूनेच काय घोडं मारलंय? ओळखायची युक्ती माझी मीच शोधली आणि तिचा मला अजून अभिमान आहे. टूपुढे एखादं नाम ठेवून बघायचं. 'लुक फॉरवर्ड टू द ट्रिप' चालतं, म्हणजे पुढे आयएनजी. 'डिसाइड टू द ट्रिप' चालत नाही, म्हणजे मूळ रूप. ऑब्जेक्ट टू, ॲकस्टम्ड टू, आणि सरकारी इंग्रजी पत्रांचं लाडकं 'विथ अ व्ह्यू टू', सगळी याच चाळणीतून जातात. 'यूज्ड टू'सुद्धा: 'आय यूज्ड टू वॉक' म्हणजे पूर्वी चालायचो, 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग' म्हणजे चालायची सवय आहे.

हे सगळं सरांना सांगितलं. ऑक्सफर्डची डिक्शनरी उघडून समोर धरली. तर म्हणे, "परीक्षेत डिक्शनरी चालत नाही." आयोगसुद्धा आधी पहिली उत्तरतालिका लावतो, पुराव्यासह हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका काढतो. क्लासमध्ये हरकतीला जागाच नव्हती. आणखी दोघांना घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा कुठे दुरुस्त कागद फळ्यावर चिकटला. कुणाची चूक, का चूक, एक शब्द नाही. माझा सव्वा गुणही परत आला नाही.

हां, एन्जॉयला जपा. 'मला पोहायला आवडतं' डोक्यात असलं की 'एन्जॉय टू स्विम' आपसूक उतरतं.

स्टॉप आणि रिमेंबरवर प्रश्न ठरलेला, कारण तिथं दोन्ही रूपं बरोबर आणि अर्थ वेगळे. 'स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे बोलणं थांबवलं, 'स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे बोलायला थांबला. 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतं; 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे लावायचं लक्षात ठेव. बिगिन, स्टार्टला काहीही लावा, बहुतेक वेळा फरक पडत नाही.

झेरॉक्सवर नसलेली एक गोष्ट म्हणजे अलाऊ आणि ॲडव्हाइज. मध्ये माणूस नसेल तर आयएनजी: 'दे डोन्ट अलाऊ स्मोकिंग'. माणूस आला की टू: 'दे डोन्ट अलाऊ अस टू स्मोक'. सजेस्ट मात्र असं वळत नाही, 'सजेस्टेड मी टू गो' दिसलं की डोळे मिटून चूक धरा. आणि मेकला टू लागत नाही, 'मेड हिम वेट'. पण तेच वाक्य पॅसिव्ह केलं की टू परत येतो, 'ही वॉज मेड टू वेट'. व्हॉइसच्या प्रश्नात हे हमखास घालतात.