कलेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज: नववीत नको, सहावीतच भरा

मुलीच्या तबल्यासाठी सीसीआरटीच्या (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राच्या) शिष्यवृत्तीचा अर्ज भरला तेव्हा ती सातवीत होती, म्हणूनच तो भरता आला. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या, दिल्लीच्या या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. पुण्यात बहुतेक पालक नववीत चौकशीला लागतात आणि तोवर वय निघून गेलेले असते. एकदा मिळाली की मात्र दोन-दोन वर्षांनी नूतनीकरण होत ती वयाच्या 20 व्या वर्षापर्यंत किंवा पहिल्या पदवीपर्यंत चालू राहू शकते.

वर्षाला 3,600 रुपये मिळतात, शिवाय गुरूंची फी 9,000 रुपयांपर्यंत. यातला फीचा भागच मोठा आणि नेमका तोच हातचा जातो, कारण पेठेतल्या वर्गात फी रोख नाहीतर फोनवरून दिली जाते, पावती कुणी मागत नाही. महिना, रक्कम, मुलाचे पूर्ण नाव आणि गुरूंची सही अशी पावती दरमहा घ्या. वर्षअखेरीला एका बैठकीत लिहिलेल्या बारा पावत्या लगेच ओळखू येतात.

दुसरी अडचण नावाची. जन्मदाखला, आधार, शाळेचे बोनाफाईड आणि बँकेचे पासबुक या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे हवे. जुन्या जन्मदाखल्यावर कधी बाळाचे नावच नसते. ते महापालिकेत आधी नोंदवून घ्या, कारण अर्जाची मुदत या दुरुस्तीसाठी थांबत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून तो एप्रिलनंतर नवा काढा.

निवडीची चाचणी थोडक्यात आटोपते. तबल्यावरचा मोठा कायदा (ठरलेल्या बोलांची विस्तार करायची रचना) पाठ करून नेण्यापेक्षा पाया पक्का हवा. रूपक तालाच्या 7 आणि झपतालाच्या 10 मात्रा हातावर टाळी आणि ‘खाली’ (टाळी न देता हात नुसता हलवायची जागा) दाखवत ठाय म्हणजे मूळ लयीत आणि दुगुणीत म्हणजे दुप्पट लयीत म्हणता आल्या पाहिजेत. ‘रूपकची सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीऐवजी ‘खाली’च्या जागी का?’ असा प्रश्न आला तर मूल गडबडू नये. आपलाच तबला न्या आणि लेहऱ्याची (तबल्याला साथ देणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेची) सोयही स्वतःच करा. चित्रकलेच्या मुलांनी दिलेल्या वेळेत कोऱ्या कागदावर चित्र पुरे करायचा सराव करावा, घरी सजवलेल्या फाईलवर भिस्त ठेवू नये.

चौदा उलटलेल्यांनी वर्ग सोडू नये. मंत्रालयाची युवा कलाकारांची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयात मिळते, महिना 5,000 रुपये, दोन वर्षे. तिला गुरूंकडची किमान 5 वर्षांची तालीम लागते, म्हणजे अठराव्या वर्षीच अर्ज करायचा तर ते वर्षमोजणीचे काम तेराव्या वर्षापासूनच सुरू होते. दरम्यान गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा चालू ठेवा. प्रत्येक प्रमाणपत्र हाती येताच त्यावरचे नाव तपासा, वडिलांचे नाव गाळलेले असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या.